वाटीतलं बी

गार्गी मलकापूरची. कापसाच्या गाठी बघत वाढलेली. बियांचं तिला काय माहीत असणार! देऊळगाव राजाजवळच्या या शाळेत इंग्रजीची एकच जागा होती, आणि आजचा नमुना पाठ मुख्याध्यापक नीळकंठ सरांना पटला तरच ती तिला मिळणार होती. याआधी तीन शाळांनी "कळवतो" म्हणून तिची बोळवण केली होती.

सर हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसले. गार्गीने फळ्यावर ‘इन्युमरेबल’ हा शब्द लिहिला, अर्थ सांगितला: मोजता येणार नाही इतकं. मग मोठ्या ऐटीत पिशवीतून वाटी काढली. तळाशी टोमॅटोचं बी होतं.

"सांगा, हे कोणी मोजू शकेल का?"

"हाव मॅडम!" अख्खा सातवीचा वर्ग ओरडला.

इथे घरोघरच्या आया शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, बियाण्याच्या कामाला जातात, उगवण बघायला शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या कापडात ठेवतात, हे बाईंच्या गावीही नव्हतं. पहिल्या बाकावरच्या प्रेरणाने वाटी कागदावर उपडी केली, चिमटी-चिमटी बी सगळ्यांना वाटलं. दहा-दहाचे ढीग पडले. पाच मिनिटांत बेरीज तयार: चौदाशे बारा.

सर मिशीत हसले. गार्गीचं तोंड एवढंसं झालं. गेली ही पण नोकरी! तिला रडूच यायला लागलं. पण गप्प बसेल तर ती गार्गी कसली.

"बरं प्रेरणा, शेडनेटमध्ये आई नेमकं काय करते?"

"एकेका फुलाले हातानं पराग लावते. तवा बी भरते."

"आजवर किती फुलांना लावला असेल?"

"ते कोन मोजते मॅडम? मी पोटात होती तवापासून लावून राह्यली ना!"

प्रत्येकाला आपापली आई दिसत होती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "इन्युमरेबल."

गार्गीला इतका आनंद झाला की खडू हातातच राहिला.

सर उठून पुढे आले. टेबलाशी वाकून त्यांनी जमिनीवरून काहीतरी उचललं आणि वाटीत टाकलं.

"चौदाशे तेरा," ते म्हणाले. "सोमवारपासून या मॅडम. फक्त या गावात काही आनायचं तं आधी मोजून आनत जा."