पांढऱ्या परातीतले लाल डोळे

मी एक जुनी पांढरी परात आहे. एनॅमलची, खोलगट, काठाला निळी रेघ असलेली. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगावी असा रिवाज आहे, तो मला माहीत आहे. पण आत्ता माझ्या काठावर एक हात आहे आणि तो मला उलटी करणार आहे. तेव्हा जमेल तसे, तुकड्या-तुकड्याने सांगते. एखादे वाक्य अर्धेच राहिले तर समजून घ्या.

हात तोयोनोचा आहे, या घरातल्या म्हातारीचा.

"शी! डासांचं माहेरघर झालंय नुसतं," ती म्हणते आहे.

परवापासून ओबोन. या दिवसांत गेलेली माणसे आपल्या घरी येऊन जातात. तोयोनोचा नवरा तोकुजी पहिल्यांदाच असा येणार आहे. त्याच्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करून ठेवला आहे, म्हणजे त्याला लवकर येता येईल. अंगण झाडून झाले. आता राहिले ते साचलेले पाणी ओतणे.

साचलेले पाणी म्हणजे माझ्यातले.

त्यात काय आहे ते तिला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही.

*

जन्म. लोखंडाचा पत्रा ठोकून मला आकार दिला, वर काचेचा लेप चढवला आणि भट्टीत घातले. बाहेर आले ती दुधासारखी पांढरी. तोयोनोच्या लग्नात मी तिच्या सामानातून या घरी आले, तांदूळ धुवायला. पहिल्याच थंडीत तिच्या हातातून निसटून पायरीच्या दगडावर आपटले. बुडाच्या कडेला कोटाच्या मोठ्या बटणाएवढा टवका उडाला. आतले लोखंड उघडे पडले आणि काळे झाले.

"आल्या आल्या सूनबाईंनी घराला डाग लावला," सासू म्हणाली.

तोयोनो रडली. तोकुजीने मला उचलले, टवक्यावरून अंगठा फिरवला. "दे मला. माझ्या माशांना चालेल."

*

(हात काठावरच आहे. ती कमरेवर दुसरा हात ठेवून दम खाते आहे.)

*

तोकुजीचे मासे म्हणजे मेदाका. भाताच्या खाचरात राहणारा, करंगळीच्या पेराएवढा साधा करडा मासा. पण तोकुजीकडच्या कुळाला रंग नव्हता. अंग पेजेसारखे पांढरट, आणि डोळे लाल. कारण डोळ्यातसुद्धा काळा रंग नाही, मागचे रक्तच दिसते. अशा माशांना उजेड सोसत नाही, नीट दिसत नाही. दाणा टाकला तर करडे मासे खाऊन मोकळे होतात आणि हे बिचारे तोंड उघडून भलतीकडेच झेपावतात. म्हणून ते वेगळे ठेवावे लागतात, वेगळे भरवावे लागतात. तोकुजीने ते तरुणपणापासून केले.

पिल्ले निवडताना मात्र माझी अडचण व्हायची. करडे पिल्लू पांढऱ्यावर लगेच उठून दिसते. पांढरे पिल्लू माझ्यावर दिसेनासेच होते. मग तोकुजी मला हळूच कलती करायचा. पाणी टवक्यावर सरकायचे, पिल्ले त्यावरून जायची, आणि काळ्यावर ती पांढरी रेघ क्षणभर चमकायची.

"ही परात मला विक," लोक म्हणायचे.

"परात घे रे, पण हा टवका कुठून आणशील?" तोकुजी हसायचा. "तो माझ्या बायकोच्या हातचा आहे."

ते माझे चांगले दिवस होते.

*

आता नीट ऐका, सगळे यावर अडले आहे.

एकदा लांबून एक माणूस आला. त्याच्याकडेही लाल डोळ्यांचे मेदाका होते. म्हणाला, तुमची मादी आणि माझा नर लावू. तोकुजीने नकारार्थी मान हलवली.

"हे बघ, काळा रंग म्हणजे सूप आहे असं समज. सूपाला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा लागतो आणि सुक्या मासळीचं पाणी लागतं. माझ्या घरात मिसो संपलाय, म्हणून सूप नाही. तुझ्या घरातही सूप नाही, पण काय माहीत, तुझ्याकडे मिसो असेल आणि मासळी संपली असेल. दोघांच्या पोरांचं लग्न लावलं तर काय होईल?"

"नव्या घरात मिसोही येईल आणि मासळीही," पाहुणा म्हणाला. "म्हणजे सूप होणार!"

"झालं की नाही? आईबाप दोघं पांढरे आणि पोरं सगळी काळी."

"मग सगळंच वाया."

"वाया कसं? त्या पोरांच्या अंगात दोन्ही टंचाया लपलेल्या असतात. त्यांची आपसांत जोडी लाव. पुढच्या पिढीत जवळजवळ निम्मी पुन्हा लाल डोळ्यांची. फक्त काळी दिसली म्हणून टाकून द्यायची नाहीत. एवढा धीर धरतो कोण?"

दोघे हसले. तोयोनो तेव्हा आत भजी तळत होती. तिला फक्त हसणे ऐकू आले.

या घरात हे ऐकलेली मी एकटीच उरले आहे.

*

गेल्या थंडीत तोकुजी गेला. कोणाला वेगळे भरवायचे कळेना, तर तोयोनोने सगळ्यांना सारखाच दाणा टाकला. वसंतापर्यंत लाल डोळ्यांची एकच मादी उरली. तोयोनो रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे भात ठेवायची आणि सांगायची, "आहे हो, एक आहे अजून. ओबोनला याल तेव्हा पिल्लं दाखवीन."

शेजारच्या कुसाकाबेचे गावात माशांचे दुकान आहे. तो क्यूशू बेटावरच्या आपल्या चुलतभावाकडून लाल डोळ्यांचा नर घेऊन आला.

"घ्या वहिनी, नवरदेव! तुमच्या सुनेलासुद्धा एवढी चौकशी करून आणली नसेल."

"तुम्ही मला बघायला आला असतात ना, तर मी चहासुद्धा विचारला नसता," सून मिझुए म्हणाली.

मादीने काथ्याच्या जुडीवर अंडी घातली. जुडी माझ्यात ठेवली. अंड्याचे कवच पारदर्शक असते, आतल्या जिवाचे डोळे बाहेरून दिसतात. तोयोनोला ते आता दिसत नाही, म्हणून रोज मिझुए वाकायची.

"आई, डोळे आले!"

"लाल?"

मिझुएने जुडी उलटून पाहिली.

"अगं बोल की."

"काळे आहेत, आई. सगळ्यांचे."

कुसाकाबेला बोलावले. "तुमच्या नवरदेवाने आमच्या घराला चांगलं काळं फासलं," तोयोनो म्हणाली.

"अहो, शपथ घेतो, चुलतभावाकडे तीन पिढ्या लाल डोळेच आहेत!"

खरे बोलत होता बिचारा. नर आणि मादी, दोन्ही खरेच लाल डोळ्यांच्या कुळातले होते. मिसो, मासळी, नवे घर... माझ्या पत्र्यात ते शब्द जसेच्या तसे होते. मी परात. माझ्यावर थाप मारली तर मी वाजते, एवढेच.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती मादीही गेली. तोयोनोने काळी पिल्ले कुसाकाबेला देऊन टाकली, दुकानातल्या मोठ्या माशांना खायला. माझ्यातच घालून नेली. वाटभर ती माझ्या पांढऱ्यावर इतकी स्पष्ट दिसत होती, एकेक. प्रत्येकाच्या अंगात तोकुजीचा एकेक मासा लपलेला होता.

रिकामी मी परत आले. जुडी माझ्यात टाकून मला खोपटामागे सरकवले.

*

जुडीत काही अंडी राहून गेली होती.

पावसाने मला भरले. शेवाळ धरले. अंड्यांतून निघाली ती डासांच्या अळ्यांवर वाढली. करडी, चपळ, कोणी न पाहिलेली. आमच्याकडे पावसाळ्यानंतर उन्हाळा येतो; तो तापला तशी त्यांची जोडी जमली, आणि त्या जुन्या जुडीवर नवी अंडी आली. काहींचे डोळे काळे झाले. काहींचे झालेच नाहीत.

ती फुटून चार दिवस झाले असतील. आहेत, माझ्यात आहेत ती. पण पांढऱ्या परातीत पांढरी पिल्ले! ज्या रंगाचे मला कौतुक वाटायचे, तोच त्यांना झाकून बसला आहे.

*

हात हलला.

"अगंबाई! ही काळी कार्टी अजून इथेच?" शेवाळ बाजूला करत तोयोनो म्हणते. "जा बाबांनो पाटात. तिथे काय खायचं ते खा."

पाटात मोठे मासे आहेत. पाटात उजेड आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचे पाटात...

ती मला कलती करते. पाणी खालच्या काठाकडे धावते. करडे मासे उलटे फिरतात. पिल्ले ओढली जातात, बुडाच्या कडेवरून, टवक्यावरून.

टवक्यावरून.

तोयोनो थांबते. डोळे बारीक करते.

"मिझुए! माझा चष्मा आण गं."

"कुठे ठेवलाय, आई?"

"यांच्या फोटोपाशी असेल बघ."

"इथे नाहीये!"

"मग काकडीच्या घोड्याजवळ. अगं बघ ना लवकर, हात दुखतोय माझा!"

मित्रांनो, घासूनपुसून ठेवा, असे मी माझ्यासाठी मागत नाही. जुनी परात काय, राहिली काय न् गेली काय. पण नकोसे झालेले, काळे पडलेले, साचलेले काही ओतून द्यायला निघालात, तर आधी वाकून बघा. टाकलेल्याच्या पोटात काय आहे, ते त्याला स्वतःला सांगता येत नाही.

मी कलती आहे. पाण्याची बारीक धार काठावरून सुटली आहे. टवक्यावर एक पांढरी रेघ प्रवाहाला तोंड देऊन उभी आहे, आणि तिला दोन लाल ठिपके आहेत.

मिझुए, धाव बाई.