पाळण्यावरचा कॅमेरा

"अंकुरनं कुलूप लावून देल्लं ना? मंग एक चावी त्याच्यापाशी राह्यलीच समज," शेजारच्या बिस्मिल्लाबी म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. अंकुर माझा दीर, अकोल्यात त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान. बाळंतपणानंतर मी अमरावतीला एकटी; नवरा, गोपाल, नोकरीपायी आठवडाभर अकोल्याला सासूबाईंकडे. म्हणून अंकुरनं येऊन माझ्या पोरीच्या, अपेक्षाच्या पाळण्यावर आवाजही टिपणारा कॅमेरा बसवला, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घराचं सगळं इंटरनेट त्यातून फिरवलं आणि पासवर्ड माझ्या हाती दिला. त्याच खोलीत मी पोरीला पाजायची.

पुढे दुपारी नेट रखडायला लागलं. कोणी काही वापरत नसताना घरातून सारखं काहीतरी बाहेर जात होतं. बी.एस्सी.ला हेच शिकलेली, बसले पोरीला मांडीवर घेऊन. फायरवॉलमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या पहाऱ्यात, बाहेर जाणाऱ्या सगळ्याची नोंद ठेवायचा नियम लिहिला. एकही नोंद येईना. रूटिंग तपासलं, वायरी बदलल्या. मग दिसलं, नियम वरून खाली वाचले जातात आणि अंकुरचा 'जाऊ द्या'वाला नियम माझ्या नियमाच्या वर बसलेला. वरच्या वरच निघून गेलेलं माझ्यापर्यंत येणार कुठून? माझी ओळ वर नेली, तशा नोंदी पडतच राहिल्या. कॅमेऱ्यातून सगळं एकाच आयपी पत्त्यावर जात होतं. तो पत्ता मला पाठ होता. गोपालच्या ऑफिसनं सांगितलं म्हणून अकोल्याच्या घरच्या इंटरनेटला कायमचा घेतलेला.

घर कळलं होतं, पण पाहणारा कोण? त्या घरात अंकुर होता, तसा गोपालही होता.

ती वाट बंद करणं मिनिटाचं काम. केलं नाही. पाजायला स्वयंपाकघरात बसू लागले, आणि एका दुपारी रिकाम्या घरात पाळण्यावर वाकून पोरीला म्हटलं, "तुह्यं जावळ आपण कौंडण्यपूरले काढतच नाही. नांदगावले माह्या मायकडं गुपचूप उरकून टाकू."

पहिलं जावळ कौंडण्यपूरच्या देवापुढं न काढता आजोळी! सासरच्या माणसाला हे पोटात ठेवणं जमणारच नव्हतं. दिवेलागणीच्या आत सासूबाईंचा फोन आला. पोरगी आमची हाय का तुह्या मायची, इथपासून सुरुवात. मी म्हटलं, जावळ कौंडण्यपूरलाच आहे, सगळ्यांना घेऊन या.

नदीकाठी न्हाव्यानं वस्तरा पुसला, पानं मांडली, सगळे बसले. तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, नांदगावचं तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी बोट दाखवलं अंकुरकडे. गोपालकडे नाही.

"अंकुरभाऊ, ते मी फक्त पाळण्यातल्या पोरीले बोलली होती. घरात दुसरं कोनी नव्हतं. तिनं फोन केला का तुमाले?"

सगळ्यात आधी गोपालला कळलं. तो पानावरून उठला. अंकुर काळजी, सुरक्षा असं काहीबाही बोलत राहिला.

सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात ठेव. मी ठेवलं नाही. नोंदींसकट पोलिसांत तक्रार दिली. दुकानाचं शटर आता खालीच असतं. मला बरं वाटतं, लपवत नाही.

पण त्या दिवशी नदीकाठी हात धुताना त्याची बायको, आचल, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आमच्या खोलीतबी एक हाय." तिला सातवा महिना होता. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे आणि मला आणि गोपालला त्या घराचं दार बंद आहे.

तुम्ही अकोल्यात जठारपेठेकडे राहत असाल तर हळदीकुंकवाचं निमित्त करून जा. उत्तमरावांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, धाकटी सून म्हणून विचारा. तिला अंगणात बोलवा. आत काही बोलू नका.