सोड म्हटलं की सोडणारी

पिंजरा जमिनीवर टेकवून मल्हारीनानांनी त्यावरचं पोतं ओढून काढलं, तशी आतली घूस दाणकन जाळीवर आदळली.

"आता सोड एकेकाला," ते भिमाजीला म्हणाले.

भिमाजी धनगराचा मुक्काम राहुड घाटाखालच्या माळावर होता. देण्यासारखी कुत्री तीन होती. पहिला काळा, रुंद छातीचा. सुटला तसा भुंकत पिंजऱ्यावर झेपावला आणि पिंजरा उलटा करून मोकळा झाला.

"लांडग्याला भीत नाय हा," भिमाजी कौतुकानं म्हणाला.

"मला लांडगा नाय धरायचा. हा भुंकला की घूस बिळाच्या मागच्या तोंडानं पसार. नको."

दुसऱ्या बांड्या कुत्र्यानं घुशीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते नानांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या पदराशी भाकरीचा वास घेत राहिलं.

तिसरी तांबूस कुत्री फाटक्या कानाची होती. तिनं पिंजऱ्याला एक फेरी घातली, मान कलती केली आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवून समोर पसरली. आवाज नाही, धसमुसळेपणा नाही. नानांनी पिंजरा पोत्यात गुंडाळून दगडांच्या राशीमागे लपवला. ती उठली आणि नेमकी तिथे जाऊन तशीच बसली.

मग नानांनी चांगुणाबाईंनी आणलेलं हाडूक तिच्यापुढे टाकलं. तिनं ते उचललं, दात रुतवले.

"सोड," नाना म्हणाले.

ती गुरगुरली.

"सोड."

तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हाडूक खाली ठेवलं. नानांनी तिच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "हीच."

"तांबी? बारकी हाय नाना ती. पर न्या. जपा तेवढं. औंदा पिल्लं जगली नाय तिची, तवापासून गप गप असती."

पस्तीस वर्षं नाना चांदवडच्या आसपासच्या गावांत उंदीर-घुशी धरत आले होते. कांद्याच्या चाळीत विषारी औषध टाकलं की मेलेली घूस ढिगाच्या पोटात सडते आणि भोवतीचा कांदा नासवते. म्हणून लोक नानांना बोलवत. एका चाळीखाली वीस बिळं असली तरी चालू असतात दोन-तीनच. बिळाच्या तोंडाशी ओली माती आहे का, गवत कुरतडलंय का, हे एका नजरेत ओळखण्यावर त्यांचं सगळं काम होतं.

ती नजरच गेली. दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा, म्हणाले. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसे, बाजूचं सगळं काळं. नानांनी हे चांगुणाबाईंखेरीज कुणाला कळू दिलं नाही. त्यांची जुनी कुत्री चिमी चालू बिळापाशी जाऊन बसे, नाना तिथे पिंजरा लावत, आणि लोकांना वाटे, नानांची नजर अजून तशीच आहे.

श्रावणात चिमीनं औषध खाल्लेला उंदीर खाल्ला. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत तडफडली आणि नानांच्या मांडीवर गेली. त्यानंतर दोन गावांतून नाना रिकामे पिंजरे घेऊन परतले. "वय झालं आता नानांचं," असं मागे कुणीतरी बोललेलं त्यांना ऐकू आलं. ओझरहून मुलीचा, उज्वलाचा रोज फोन येई. "या इकडं. दोन खोल्या हायेत, होईल कसंतरी. बसून खा." 'बसून खा' या शब्दांनी नानांची भूक मरे.

गावातली कुसाबाईंची चाळ तेवढी हातात उरली होती. नवऱ्यामागे मुलाला, रविराजला सोबत घेऊन त्या शेती बघत. "घुशींनी खालून पोखरलीय चाळ," त्या म्हणाल्या होत्या. "आठ दिवस देते नाना. नाय जमलं तर रविराज औषध टाकतो म्हणतोय."

तांबीनं पहिल्याच दिवशी चाळीला फेरी घालून तीन ठिकाणी बैठक मारली. सकाळी तिन्ही पिंजरे भरलेले. तीन दिवसांत अकरा घुशी निघाल्या. कुसाबाई शेजारणीला सांगत होत्या, "नानांचा हात अजून तोच हाय." नाना घरी येऊन जेवताना हसले. चांगुणाबाईंनी ते हसणं दीड महिन्यानं पाहिलं.

चौथ्या दिवशी नाना चाळीमागे पिंजरा बसवत होते. त्या दिवशी चांगुणाबाई तिथेच मजुरीनं कांदा निवडून नुकत्याच उठल्या होत्या.

"अहो! तिच्या तोंडात काय हे?"

"कुठं?" नानांनी मान फिरवली. समोर नुसती माती. पुन्हा फिरवली. "कुठं हाय ती?"

"डाव्या अंगाला! उंदीर हाय! चावती ती!"

"सोड!" नाना दिसेल त्या दिशेला ओरडले. "तांबे, सोड! सोड!"

तांबीनं सोडला. उंदीर जिवंत होता, पण झिंगल्यासारखा गोल फिरत होता, तोंडाला फेस. बांधावर औषध लावलेले काळपट गव्हाचे दाणे पसरले होते. चांगुणाबाईंनी कुत्रीचं तोंड पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळून धुतलं. दिवस मावळेपर्यंत दोघं तिच्या पोटावर हात ठेवून बसली. तिला काही झालं नाही.

रविराज ओशाळला. "आपल्या चाळीत नाय टाकलं नाना. मक्यात उंदीर लय झाले, म्हणून बांधाबांधानं समद्यांनीच टाकलंय. किती जणांना सांगणार?"

तरी नाना सांगत फिरले. तीन मळे झाले. "कुत्री बांधून ठिवा की," सगळीकडे एकच उत्तर. बांधलेली कुत्री बीळ कसं दाखवणार, हे कुणाला विचारायचं? चांगुणाबाईंनी तिच्या तोंडाला जाळीची मुसकी शिवली. तांबीनं ती पंजांनी ओरबाडून नाकातून रक्त काढलं आणि बिळांकडे पाठ करून बसली.

"मी येत जाईन की संगं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"रोज? निवडणीचं काम सोडून?" नाना तांबीच्या फाटक्या कानावरून बोट फिरवत होते. "ती सोडती गं. सोड म्हटलं की सोडती. पर कधी म्हणायचं, ते मला दिसाया पायजे ना."

चांगुणाबाईंनी मुसकी उचलून कोपऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दोघं तिला घेऊन घाटाखाली गेली. भिमाजीनं विचारलं, "काय खोड निघाली?"

"खोड नाय. हिच्यासारखी मी आजवर पाळली नाय." नानांनी दोरी त्याच्या हातात दिली. "डोंगरालाच राहू दे तिला. खाली शेतात उतरू देऊ नको."

तांबी दोरी ताणून त्यांच्या मागे दहा पावलं आली. नाना थांबले नाहीत. थांबले असते तर परत फिरले असते.

पुढच्या सकाळी ते एकटेच कुसाबाईंच्या चाळीवर गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी पहिल्या बिळाच्या तोंडाशी तळहात ठेवला. कोरडं. दुसऱ्याशी ठेवला. गार लागलं, पण ती उकरलेली ताजी माती होती की रात्रीचं दव, कळेना. बोटांनी थोडी माती चुरून ते नाकाशी नेऊ लागले.

"कुत्री कुठं नाना?" मागून कुसाबाईंचा आवाज आला.

"दिली परत. रमलं नाय तिचं मन."

"आन आता?"

"हे काय, चाललंय." ते तिसऱ्या बिळाकडे सरकले. कोपर पिंजऱ्याला लागून तो कलंडला.

कुसाबाईंनी चहाचा पेला त्यांच्या डावीकडे, चाळीच्या दगडावर ठेवला. "चहा घ्या."

नानांचा हात उजवीकडे गेला. हवेत जरासा चाचपडला आणि परत गुडघ्यावर आला. "घेतो. राहू द्या तिथंच."

कुसाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी जमिनीवरच्या तळहातांच्या खुणांकडे पाहिलं, बिळामागून बीळ उमटलेल्या. मग वाकून पेला उचलला, नानांचा हात धरला आणि त्यात दिला.

"गरम हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

नानांनी दुसरा हात धोतराला पुसला आणि पेला दोन्ही हातांनी धरला.