झाड धरायचा दिवस

धारवाडच्या त्या टेकडीवरच्या अर्थशास्त्र विभागात एम.ए.चा स्पेशल विषय निवडायला फॉर्म भरत नसत, झाड धरत. परीक्षेआधीच्या शनिवारी प्रत्येक सर आपापल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. झाडाभोवती फक्कीचं रिंगण. शिपाई चंद्रप्पानं पहिली घंटा दिली की पोरांनी हवं ते झाड गाठायचं. दुसरी घंटा होईल तेव्हा ज्या रिंगणात असाल तो विषय तुमच्या गळ्यात. एका रिंगणात बाराजण मावायचे, आणि पाचांपेक्षा कमी असले तर ते झाड त्या वर्षापुरतं बंद. ही पद्धत कुणी काढली कुणास ठाऊक, पण ज्यानं काढली त्याला कागदाचा कंटाळा आणि पोरांच्या धावपळीची हौस असणार यात शंका नाही.

सगळ्यात मोठी सावली बँकिंगच्या विलायती शिरीषाची, म्हणून तिथे सगळ्यात मोठी गर्दी. शेतीचा आंबा. गणिती अर्थशास्त्राला नारळ, त्याखाली सावलीसुद्धा मोजूनमापून. आणि कॅन्टीनच्या मागे, उष्टी पानं पडतात तिथे, चिंच.

नीलांबिका हडपदला चिंच हवी होती. चिंच म्हणजे श्रमाचं अर्थशास्त्र, म्हणजे हलगत्ती सर. नीलाची आई इलकलला मागावर बसायची. दिवसभर विणून तिच्या हातात एवढीशीच मजुरी का पडते, हे कोडं नीलाला फ्रॉक घालत होती तेव्हापासून पडलेलं. हलगत्ती सरांनी फळ्यावर मजुरीचे दोन वक्र काढून ‘आता बोला, हा मधला तिढा कुणाचा?’ असं विचारलं, तेव्हा तिला बाकावर चढून नाचावंसं वाटलं होतं. मुली प्रेमात पडतात तेव्हा जेवण जात नाही म्हणतात. हिचं तसं झालं, फक्त प्रेम वक्रावर बसलं.

पण मागच्या वर्षी चिंचेखाली तिघंच आले आणि झाड बंद पडलं. यंदाही तेच झालं तर नीलाला उरेल त्या रिंगणात उभं राहावं लागणार होतं. बाईनं कंबर कसली. दिसेल त्याला धरून श्रमाच्या अर्थशास्त्राचे गोडवे गायला लागली. कॅन्टीनमध्ये गिरमिटाच्या, म्हणजे तिथल्या चुरमुऱ्यांच्या भेळेच्या, प्लेटीवर लिंबू पिळता पिळता तिनं प्रल्हाद गुत्तललाही गाठलं. प्रल्हाद वर्गात पहिला यायचा आणि तो शिंकला तरी अर्धा वर्ग रुमाल काढायचा.

“अक्का,” प्रल्हाद मिरची चावत म्हणाला, “जुन्या गाड्यांचा बाजार परवाच शिकलो की नाही? मालक जितका गोड बोलतो तितकी गाडी खटारा. तू तर पार गुलाबजाम झालीयेस.”

सगळं टेबल खो खो हसलं. नीला रडकुंडीला येऊन खोलीवर आली.

खोलीत तिची मैत्रीण शांभवी अंकलगी केस विंचरत होती. शांभवीचे आजोबा बँकेत, बाप बँकेत, मामा बँकेत. हिच्या बारशाला पाळण्यावर पासबुक टांगलं असावं. तिचं शिरीषाखाली जाणं जन्माआधीच ठरलेलं होतं.

“तू आधी तोंड बंद कर,” शांभवी म्हणाली.

“तोंड बंद केलं तर झाडही बंद होईल गं!”

“अगं येडे, ही अर्थशास्त्राची पोरं आहेत. ह्यांना सांगितलेलं पटत नाही, लपवलेलं पटतं. रोज चिंचेखाली जा, सरांशी बोल, परत ये. कुणी विचारलं तर म्हण, काही नाही.”

नीलानं तसंच केलं. रोज दुपारी ती सरांसाठी खारा मंडक्कीचा, तिखटमिठाच्या चुरमुऱ्यांचा, पुडा घेऊन चिंचेखाली जायची. हलगत्ती सर भाबडा माणूस. ते आपले गिरणी-संपाच्या गोष्टी सांगायचे, ही हसायची. परत येताना कुणी विचारलंच, “काय चाललंय री?” तर, “काही नाही.”

आता साध्या माणसाला ‘काही नाही’ म्हटलं तर तो घरी जातो. पण जे नुकतेच शिकलेत की माणसाच्या प्रत्येक हालचालीत बातमी दडलेली असते, त्यांना ‘काही नाही’ म्हणजे आगीत रॉकेल! बुधवारी कुजबुज निघाली की हलगत्ती सर पेपर सोपा काढणार. गुरुवारी कळलं की जिनिव्हाहून कुणीतरी नोकऱ्या वाटायला येणार. शुक्रवारी प्रल्हाद गुत्तल एकटाच चिंचेकडे बघत उभा असलेला दिसला, आणि मग काय विचारता!

शनिवारी पहिली घंटा झाली. नीला वरवर ऐटीत, ओढणी सावरत, सावकाश निघाली. पाचजण तरी येतील की नाही या धाकधुकीत तिला धावायचं सुचलंच नाही. ती कॅन्टीनचा कोपरा वळली आणि जागच्या जागी थिजली. चिंचेखाली जत्रा! रिंगणात बाराजण खांद्याला खांदा लावून उभे, बाहेर अजून वीसेक जण ढकलाढकली करताहेत, आणि मध्ये हलगत्ती सर खुर्चीवर उभे राहून डोळे पुसताहेत.

“सर, मला आत घ्या री!”

“बाळ, बारा झाले की.” सरांचा आवाज आनंदानं आणि दुःखानं एकदमच फाटला. “नियम नियम आहे. तू इतक्या उशिरा का आलीस गं?”

आपणच पेटवलेल्या चुलीवर आपल्यालाच भाकरी नाही! नीलाला रडू कोसळलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती पाठ फिरवून ताडताड चालायला लागली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. पाय शिरीषाच्या दिशेनं पडत होते इतकंच.

मागून कुणीतरी किंचाळलं, “नीला चिंच सोडून चालली!”

जिनं आठवडाभर चिंच पाहून ठेवली तीच सोडून चालली, आणि तेही इतक्या घाईनं! नीलाला प्रल्हादचा आवाज ऐकू आला, “मेलो! आपल्याला इथं गुंतवायची चाल होती रे ती!” आणि मग पावलांचा असा धडधडाट झाला, की कॅन्टीनवाल्यानं शटर ओढलं. तिला दोन्ही बाजूंनी ओलांडून वर्ग शिरीषाकडे सुटला. कुणाची चप्पल तुटली, कुणाचा चष्मा उडाला. बँकिंगचे सर खुर्चीसकट उठून झाडाच्या बुंध्याला चिकटले.

नीला मधोमध उभी. वळून पाहिलं तर चिंचेखाली नुसती धूळ, आणि धुळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. व्हरांड्यात चंद्रप्पानं घंटेचा हातोडा उचलला होता.

“थांबा चंद्रप्पाऽ!” ती ओढणी कमरेला खोचून अशी धावली, की शाळेतल्या शर्यतीत धावली असती तर कप मिळाला असता. रिंगणात पाय पडला आणि टोल पडला.

हलगत्ती सर खुर्चीत बसून बोटानं मोजत होते. बिदरची दोन मुलं, ज्यांना पहिल्यापासून चिंचच हवी होती. तुटकी चप्पल हातात धरलेला एकजण, त्याला पळताच आलं नव्हतं. नीला. आणि पाचवी शांभवी अंकलगी, बुंध्याला टेकून, चिंच चोखत.

“तू?” नीलाला धाप लागली होती. “तुझं झाड तिकडं आहे! घरी काय सांगणार तू?”

“ते बघू.” शांभवीनं चिंचोका थुंकला. “तू रोज रात्री तो मजुरीचा वक्र समजावून डोकं खायचीस ना? मला पहिल्याच रात्री पटला होता.”

“मग मला गप्प कशाला बसवलंस गं, सटवे?”

“मला पटलंय हेच तुला पंधरा दिवसांत कळलं नाही. उरलेल्या तिघांना तू कधी पटवणार होतीस? एम.ए. संपलं असतं!”

नीलानं तिच्या गळ्यात मिठी मारली, इतकी घट्ट की दोघी सरांच्या खुर्चीवर आपटल्या आणि खुर्ची सरांसकट आडवी झाली. हलगत्ती सर धोतराची धूळ झटकत उठले आणि तुटक्या चपलेच्या मुलाला जवळ घेऊन म्हणाले, “पळता आलं नाही म्हणून राहिलास ना, बाळ? कामगारांच्या बाजारात असेच पुष्कळ असतात. बस, त्यांच्यापासूनच सुरुवात करू.”