तळाची मूठ

माझा भाऊ अमरनाथ हुलसुरात कॉम्प्युटर क्लास चालवतो. चालवतो म्हणजे सकाळी मॉनिटरला उदबत्ती ओवाळतो, फी घेतो आणि पोरांना चित्रं रंगवायला बसवतो. या विद्वानाकडे इंटरनेट होतं, म्हणून मला त्याच्या दारात जावं लागायचं. अडला हरी, दुसरं काय.

२०१० साली मी इंजिनिअर होऊन घरी बसले होते. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाई म्हणाल्या होत्या, "जगाला दिसेल असं एक तरी काम दाखव, मग ये." मी एक एम्युलेटर धरला. एका संगणकात दुसऱ्या संगणकाचं सोंग वठवणारा हा प्रोग्राम जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात. त्यातला प्रोसेसर तयार होतानाच सुरुवातीच्या स्थितीत यायचा. तरी सोंगातल्या प्रत्येक मशीनच्या फाइलीत तेच काम पुन्हा करणाऱ्या ओळी होत्या, शहाण्यांनी एकमेकांचं बघून उतरवलेल्या. मी त्या सगळ्या काढल्या आणि एकेक मशीन चालवून पाहिलं.

हा बदल त्या लोकांना ईमेलने पाठवायच्या वेळी वीज गेली आणि मला लग्नाला भालकीला जायचं होतं. "वीज आली की नुसतं बटण दाब," असं अमरनाथला बजावून मी निघाले.

परत येऊन पाहते तर माझ्या नावाने गेलेल्या ईमेलखाली सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर: 'हा बदल लागू होत नाही. हाताने खाडाखोड केलेली दिसते.' त्याखाली कुण्या जर्मन माणसाने त्याच ओळी काढून पाठवल्या होत्या. त्याचं काम स्वीकारलंही गेलं होतं.

मी पाठवलेलं उघडलं. काढायच्या ओळीपुढे वजाचं चिन्ह असतं. शेवटच्या ओळीचं पुसलेलं होतं; तेवढ्याने ओळींचा हिशोब चुकला आणि सगळाच बदल नाकारला गेला.

"अण्णा, हे कामून केलास?"

"समदंच काढायलीस तू. कणगीत तळाला मूठभर ठिवतेत का न्हाई? म्हून एक ओळ ठिवलो, बरकतीला."

ज्वारी संपत आली तरी तळाची मूठ काढायची नाही, हा आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, नियम. या दिवट्याने तो प्रोसेसरला लावला.

"आन् काम तर झालं की. कुणी का करंना. रडायलीस कामून?"

मला त्याची किळस आली. घरी जाऊन मी कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, तळाची ज्वारी काढून अंगणात चिमण्यांना टाकली आणि कणगी उपडी केली.

अव्वा दारात उभी होती. "आता घरात काय ऱ्हाईल ग, शैला?"

"मी तर न्हाई," मी म्हणाले.