ओडेसाच्या घराचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, काळ्या लोकांच्या वस्तीत, कापसाच्या शेतांना लागून एक घर आहे, त्याचं. आयझम सुताराने मला घडवलं आणि बायकोला ऐटीत म्हणाला, "बघ ओडेसा, कसलं दणकट झालंय!"

"पुरे कौतुक, जेवायला बस," ती हसून म्हणाली.

आमच्या वस्तीत दिवसा कडी लावणं म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान. टकटक झाली, की ओडेसा चुलीपासूनच हाक देई, "या, उघडंच आहे!" मला त्या हाकेचा फार अभिमान होता हो!

पुढे आयझम घरी वर्ग घेऊ लागला. काळ्या माणसांनी मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं, ते शिकवायचा. गोऱ्या अधिकाऱ्यांना ते खुपायचं. एका दुपारी टकटक झाली. ओडेसाने सवयीने हाक दिली आणि शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, माणसं आत घुसली. मी बिजागरीत अडकायचा जिवापाड प्रयत्न केला. काय उपयोग? त्यांनी पत्रकं उचलली आणि आयझमला फरफटत नेलं.

वकील कोर्टात ओरडून सांगत होता, "कोर्टाच्या वॉरंटाशिवाय घराची झडती घेता येत नाही. राज्यघटनेतच आहे तसं!"

न्यायाधीश म्हणाले, "बाईंनी स्वतः आत बोलावलं. मग वॉरंट कशाला?"

आयझम तुरुंगातच वारला. ओडेसा लेकीला, लव्हिनियाला, मिठी मारून ऊर बडवत होती. "माझ्याच तोंडाने घालवलं गं त्याला!"

आता वर्ग लव्हिनिया घेते, आणि माझी कडी दिवसाही लावलेली असते. आणि मित्रांनो, आत्ता, या क्षणी, बाहेर तेच बूट वाजताहेत. मागच्या वेळी 'ए ओडेसा' म्हणणारा आज गोड बोलतोय.

"ओडेसाबाई, काय ऊन आहे हो! घोटभर पाणी द्याल? जरा आत येऊ का?"

आमच्याकडे पाण्याला नाही म्हणत नाहीत. ओडेसाच्या ओठांवर ती जुनी हाक आलीय. बाई गं, बोलू नकोस ते!

"पाणी खिडकीतून देते," ती कशीबशी म्हणाली. "आत येऊ नका. वॉरंट दाखवा."

बाहेर कुणीतरी खो खो हसलं. "म्हातारे, फार शहाणी झालीस गं!"

आणि पहिला खांदा माझ्यावर आदळला. आई गं! वरची बिजागरी गेली. फळी चिरली. मी फार वेळ टिकणार नाही, मित्रांनो. एवढंच करा, माझे तुकडे चुलीत घालू नका. जपून ठेवा आणि कोर्टात न्या. या वेळी तिने बोलावलं नव्हतं.