उजव्या हातावरचं वजन

मी खुर्ची बोलतेय. पाठ मागे झुकणारी, रुंद हातांची, पायाशी खटका असलेली. बातमी आली तेव्हा पार्लरच्या मॅडम ओल्या फडक्याने माझी गादी पुसत होत्या. बाहेरच्या खोलीत एक बाई भुवया कोरून घ्यायला थांबली होती, नळ ठिबकत होता. फोन वाजला. मॅडमनी ऐकून घेतलं, "कधी?" एवढंच विचारलं, आणि मग माझी एकच जागा पुसत राहिल्या. ती कधीच स्वच्छ झाली होती.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला वळण लावलं ते दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी. माणूस तुसडा. पण पेशंट आडवा झाला की त्याचा उजवा हात माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, "तोंड उघडं असेल, बोलता यायचं नाही. काही वेगळं वाटलं तर हा हात वर करा." आधी एकदा करूनही दाखवायला लावायचे. मोठमोठी माणसं शाळेतल्यासारखा हात वर करत आणि ओशाळून हसत. तो हात जरा उचलला तरी डॉक्टर थांबत. कधी नुसतं नाक खाजवायचं असे. "खाजवा निवांत," ते म्हणत.

डॉक्टर गेले आणि मॅडमनी मला विकत घेतलं. भुवया त्या फार सुबक कोरत. पुढे कुठेशी थोड्या दिवसांची शिकवणी लावून त्यांनी अंगावरचे केस कायमचे घालवायचं मशीन आणलं. पांढरा कोट आणला. बाकी मी होतेच. "अगं, डॉक्टरांची खुर्ची आहे, घाबरतेस काय," गिऱ्हाइकं एकमेकींना सांगत. एवढा विश्वास त्या म्हाताऱ्याच्या वेळीही माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

त्या दिवशी दोघी बहिणी आल्या. धाकटीला नवी नोकरी लागली होती, तिथला गणवेश गुडघ्यापर्यंतचा. मशीनचे चटके जाणवू नयेत म्हणून मॅडमनी तिच्या दोन्ही पायांना, मांडीपासून घोट्यापर्यंत, बधिर करणारं मलम जाड थापलं आणि वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळलं. "जितकं जास्त लावू, तितकं कमी दुखेल." मग पडदा ओढून त्या थोरलीच्या भुवया करायला बाहेर गेल्या.

आतून धाकटी म्हणाली, "ताई, कानात गुणगुणतंय. जीभ जड झालीय."

"मलम चढतंय," मॅडम म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

"बरं झालं," थोरली म्हणाली. "तेवढाच वेळ बडबड बंद."

तिघीही हसल्या. धाकटीचं हसू मध्येच थांबलेलं फक्त माझ्या पाठीला कळलं.

मग तिचा उजवा हात माझ्यावरून उठला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी शिकवल्यासारखा सावकाश वर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. बाहेर भुवयांवर दोरा चालला होता. नंतर तिचं अंग थरथरायला लागलं, माझे स्क्रू किणकिणले, तेव्हा कुठे पडदा सरकला. तिला उचलून दवाखान्यात नेलं; ती गेल्याचा तो फोन तिथूनच आला.

इतकं मलम, इतक्या जागेवर, असं गुंडाळून लावलं की ते रक्तात उतरतं, हे मी पुढे तपासणीला आलेल्या बाईंकडून ऐकलं. "शिकवणीत हे कुणी सांगितलंच नाही," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलत नसाव्यात.

थोरली एकदा येऊन गेली, धाकटीची चप्पल न्यायला. माझ्याशेजारी उभी राहून तिने विचारलं, "शेवटी तिनं हाक मारली होती का हो?"

मॅडम म्हणाल्या, "नाही." ते खरंच होतं.

आता दुकानाला कुलूप आहे. बंद खोलीत कधीकधी माझा उजवा हात एकदम हलका होतो, त्यावरचं वजन कुणी नुकतंच उचलल्यासारखा. परवा एक जण मला बघून गेला. त्याच्याही अंगात पांढरा कोट होता. त्याने खटका दाबला, माझी पाठ झुकली, तो खूश झाला.

माझ्यावर आडवे व्हाल तेव्हा मला बघून निर्धास्त होऊ नका. काय लावताय, किती लावताय, कुठे शिकलात, हे विचारा. आणि लावणारा माणूस समोर बसून राहणार आहे का, हेही.

त्या दिवशी तो हात वर झाला होता. कुणी बघायचं राहून गेलं.